इंजिन उघडण्यापूर्वी

तेव्हाचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर हे शहर इंजिनांच्या बाबतीत एका विलक्षण श्रमविभागणीचे उदाहरण आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या कारखान्यात वाहने तयार होतात, ग्रीव्हज कॉटनची तीनचाकी वाहनांसाठीची इंजिने या शहरात घडली, इंजिनाचे व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचे ओतीव भाग आणि शॉकॲब्सॉर्बर करणारे कारखाने येथे आहेत, आणि २००१ सालापासून शेंद्र्याच्या वसाहतीत स्कोडा कंपनीच्या मोटारींची जुळणी होत आली. परंतु त्या काळी या मोटारींची इंजिने युरोपात तयार होऊन येथे येत आणि येथे ती केवळ गाडीत बसवली जात. ज्या गावच्या कामगारांनी ती बसवली त्या गावात ती उघडण्याचा प्रसंग पंधरा-वीस वर्षांनी यावयाचा होता, आणि तोही कारखान्याच्या आवाराबाहेर, एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, कंपनीचे कोणतेही साहाय्य नसताना. २०१० च्या ऑक्टोबरात येथील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली, आणि ती घेण्याजोगी होतीही; परंतु वेगवान गाडी घरी आल्यावर तिच्या दुसऱ्या दशकात मालकासमोर जो प्रश्न उभा राहतो त्याविषयी लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवावासा वाटला.

माझ्या नोकरीची वर्षे वाळूजमधील सुट्या भागांच्या एका कारखान्यात, ज्याला कारखान्यात सारेच ‘स्टँडर्ड रूम’ म्हणतात त्या मापनकक्षात गेली. त्या खोलीचे तापमान बारमाही २० अंश सेल्सिअसवर राखलेले असे, कारण लांबीचे कोणतेही माप २० अंशांवरचे समजावे असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. आणि मिलिमीटरचा हजारावा भाग जो मायक्रॉन, तशा चार-पाच मायक्रॉनांच्या तफावतीपायी तयार मालाचा अख्खा लॉट अडवून ठेवण्याच्या कागदांवर मी सह्या केल्या आहेत. अशा कामाने माणसाच्या स्वभावात एक गोष्ट कायमची मुरते: समोरचा मनुष्य कितीही अनुभवी असो, त्याच्या विधानामागे माप कोणते आहे, ते कशाने घेतले आणि कोठे लिहून ठेवले, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. सेवानिवृत्तीनंतर ओळखीचे लोक गाड्यांचे प्रश्न घेऊन येऊ लागले ते बहुधा याच कारणाने, आणि त्यांपैकी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण माझ्या भाच्याच्या गाडीचे होते.

ती गाडी २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस, एमएच २० क्रमांकाची, म्हणजे शेंद्र्यातच जुळलेली आणि येथेच नोंदलेली. आरएस ही अक्षरे स्कोडाच्या रॅली-शर्यतींच्या परंपरेतून आली आहेत. या कंपनीच्या १३० आरएस या गाडीने १९७७ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत आपल्या वर्गात विजय मिळवला होता. भारतात ही ऑक्टाव्हिया २००४ साली आली तेव्हा येथील मध्यमवर्गीय तरुणाने टर्बोचार्जर लावलेली पेट्रोल गाडी क्वचितच पाहिली होती. तिच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८१ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६.४ मिलिमीटर, एकूण आकारमान १७८१ घनसेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरला तीन आत घेणारे व दोन बाहेर टाकणारे असे पाच व्हॉल्व्ह, म्हणून एकंदर वीस. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. युरोपात हीच गाडी १८० अश्वशक्तीची होती, भारतात ती १५० अश्वशक्तीची मिळाली, तरी तेवढ्याने येथील रस्त्यांवर तिचा दरारा निर्माण झाला होता. टर्बोचार्जरचे चक्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या अतिपातळ थरावर तरंगत फिरतो, तेव्हा अशा इंजिनाचा जीव तेलात असतो हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढची हकीकत समजण्यास सोपी जाईल.

भाच्याने ती गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली होती आणि जिवापाड सांभाळली होती. काही काळाने सकाळी चालू करताना मागून निळसर धूर दिसू लागला, आणि हजार किलोमीटरला सुमारे लिटरभर तेल कमी होऊ लागले. अशा इंजिनाने हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल खाणे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे चालण्यासारखे असते. त्याच्या दुपटीवर गेले की विचार करणे भाग पडते. भाचा मात्र विचार करून मोकळा झाला होता.

“मामा, आता फुल इंजिनच करून घेतो,” तो म्हणाला. “आणि उघडतोच आहे तर दोनशेच्या वर पॉवर काढून घेऊ.”

“आधी ते तेल कुठे जातंय ते बघू,” मी म्हणालो. “पॉवरचं नंतर.”

आपल्याकडे गाडी तेल खाते म्हटले की रिंगा गेल्या, रिंगा गेल्या म्हणजे हाफ इंजिन, आणि हाफ करायचे तर फुलच करावे, अशी निष्कर्षांची साखळी मालकाने चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी पूर्ण झालेली असते. वस्तुतः निळ्या धुराला निदान चार उगम संभवतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजून तेल खालून वर येते, हा एक. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील उष्णतेने कडक होऊन तेल वरून खाली झिरपते, हा दुसरा. टर्बोचा दांडा सैल होऊन तेल हवेच्या वा धुराच्या वाटेत शिरते, हा तिसरा. आणि चौथा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो, म्हणजे क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी ब्रीदरची नळी व तिच्यातील झडप तुंबून आतला दाब वाढतो आणि तो तेलाला नको तेथे ढकलतो. या चारांपैकी केवळ पहिल्यासाठी इंजिन खालपर्यंत उघडावे लागते. दुसऱ्यासाठी हेडपर्यंत जावे लागते, तिसऱ्यासाठी टर्बो उतरवावा लागतो आणि चौथ्यासाठी एक नळी बदलली की भागते. धूर पाहून किंवा आवाज ऐकून लाखांचे काम हाती घेणे म्हणजे पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून त्याच जागी विहिरीला सुरुंग लावण्यासारखे आहे; आमच्या मराठवाड्यात अशा कोरड्या विहिरी पुष्कळ आहेत.

म्हणून क्रमाने मोजणी केली. प्रथम ब्रीदर तपासला, तो मोकळा होता. मग इंजिन तापवून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन पाहिले. या इंजिनासाठी सात बारच्या खाली गेलेले कॉम्प्रेशन झिजेची मर्यादा मानतात, आणि दोन सिलिंडरांमध्ये तीन बारपेक्षा अधिक फरक असू नये. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर अकरा-साडेअकरा बार दाखवीत होते, तिसरा मात्र आठच. आठ हा आकडा एकटा पाहिला तर मर्यादेच्या आत बसतो, आणि एखाद्या घाईच्या तपासणीत तो ‘ठीक’ म्हणून सुटलाही असता. दोष आकड्यात नव्हता, शेजाऱ्यांशी असलेल्या त्याच्या तफावतीत होता. त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तेव्हा आकडा साडेदहापर्यंत चढला. व्हॉल्व्ह गळत असते तर तेलाने असा फरक पडला नसता. तेलाने रिंग आणि भिंत यांमधली फट तात्पुरती बुजवली, हे त्यातून स्पष्ट झाले. तरीही खात्रीसाठी पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली. हवा सायलेन्सरमध्ये सुसकारली तर बाहेरचा व्हॉल्व्ह, हवेच्या वाटेने मागे आली तर आतला व्हॉल्व्ह, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट, आणि तेल भरण्याच्या झाकणातून आली तर रिंगा, असा या परीक्षेचा सरळ न्याय आहे. येथे झाकणाशी हात धरला की हवा जाणवत होती. शेवटी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा दिसल्या. त्या रेघा पाहिल्यावर इंजिन उघडण्याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

हा दोष कशाने उद्भवला असावा हाही प्रश्न होता, कारण ते कळल्याशिवाय नवे पिस्टन घालणे म्हणजे नव्या पिस्टनांनाही त्याच वाटेने पाठवणे. तेलाची टाकी, जिला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, ती खालून उतरवली तेव्हा पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती करपलेल्या तेलाच्या काळ्या पापुद्र्यांनी बरीच झाकलेली आढळली. टर्बोच्या उष्णतेने तेल करपते, तेलबदलाची मुदत लांबवली किंवा हलके तेल भरले की ते लवकर करपते, आणि त्याचे कण अखेर या जाळीवर साचतात. या जातीच्या इंजिनांची ही सर्वश्रुत व्याधी आहे. आधीच्या मालकाच्या काळातील तेलाचे दाखले मिळाले नाहीत. त्याविषयी तर्क लढवण्यात अर्थ नव्हता.

आता प्रश्न असा उरला की दुरुस्त करावे, दुसरे इंजिन आणून बसवावे, की आहे तसेच चालवावे. ‘आहे तसेच’ हा पर्याय लोक चर्चेलाही घेत नाहीत, पण मला तो सदैव आदरणीय वाटतो. भाचा केवळ जालना रोडवरून सिडको ते क्रांती चौक एवढीच ये-जा करणारा असता तर तेलाची बाटली डिकीत ठेवून आणखी काही वर्षे काढ, असेच मी त्याला सांगितले असते. परंतु त्याच्या कामाच्या फेऱ्या समृद्धी महामार्गावरून नागपूरकडे होत असत. सावंगीला चढावे आणि ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत तासन् तास एकसारखे जावे, तेही उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवरून. शहरातल्या रहदारीत इंजिनाला क्षणभर जोर लावावा लागतो आणि मग ते श्वास घेते. महामार्गावर त्याला विसावा नसतो, तेल सतत तापलेले राहते, आणि रेघा पडलेल्या सिलिंडरात पिस्टन धरण्याचा धोका अशाच वेळी असतो. म्हणून चालढकल नाकारावी लागली.

भंगारातून आलेल्या गाडीचे इंजिन मिळण्यासारखे होते, मुंबईच्या बाजारात अशा इंजिनांचा व्यवहार चालतो, आणि खर्चही निम्म्याच्या आत आला असता. दोन कारणांनी तो विचार मागे पडला. एक, त्या इंजिनाच्या पूर्वायुष्याचा कागद कोणापाशी नव्हता, म्हणजे ज्ञात रोग देऊन अज्ञात रोग विकत घ्यावयाचा. दुसरे, इंजिन बदलले की त्याचा क्रमांक बदलतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा फेरबदल परिवहन कार्यालयात कळवून नोंदणीपुस्तकात लावून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्या खरेदीची पावती आणि मूळ गाडीचा दस्तऐवज निर्विवाद असावा लागतो. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांसाठी तसेही त्या कार्यालयाची पायरी चढावी लागते, त्यात सदोष कागद घेऊन जाणे शहाणपणाचे नव्हते. मूळ क्रमांकाचा मूळ ब्लॉक वाचवता येत असेल तर वाचवावा, असे माझे मत पडले आणि भाच्यालाही ते पटले.

कोणाच्या हाती द्यावे हा भाग मला सर्वांत कठीण वाटला, आणि त्यावर मी अधिक वेळ घालवला. वेगवान गाड्यांची इंजिने बांधण्याची परंपरा आपल्या देशात मुख्यतः दक्षिणेत, कोइमतूर आणि चेन्नई येथील शर्यतींच्या आश्रयाने वाढली. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतमार्गाभोवती घडलेले कारागीर आजही नावाजलेले आहेत. तिकडे पाठवण्याचा विचार झाला. परंतु इंजिन पाठवले की त्याच्याशी असलेला आपला डोळ्यांचा संबंध तुटतो, आणि दूरच्या बांधणाऱ्याला इंजिनाखेरीज गाडीची वायरिंग, टर्बोचे पाइप, गिअरबॉक्स यांतले काहीच दिसत नाही. परत येऊन ते बसवणारा हात वेगळा असला की दोष कोणाचा हा वाद उभा राहण्यास जागा मिळते. एका मोठ्या शहरातल्या सुशोभित कार्यशाळेने फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठा टर्बो आणि नवे संगणकीय प्रोग्रॅमिंग असे पूर्ण अंदाजपत्रक तत्परतेने पाठवले. त्यात अश्वशक्तीचा आकडा ठळक होता. इंजिन पाहण्यापूर्वीच ते आले होते, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

शहरातील एक बुजुर्ग उस्ताद, ज्यांच्या कानाची ख्याती मी ऐकून होतो, त्यांच्याकडेही गेलो. इंजिन चालू करून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाशी धरली, आणि काही क्षणांत “तिसरा” असे सांगितले. आमच्या सर्व मोजमापांनी जे सिद्ध केले ते त्यांच्या कानाने आधीच ओळखले होते, आणि त्या कौशल्यापुढे मी मनापासून नतमस्तक झालो. परंतु बोअर करताना सिलिंडरचे माप कशाने घ्याल असे विचारले तेव्हा नव्या पिस्टनाला हाताने सरकवून पाहण्याची आपली पद्धत त्यांनी सांगितली. ट्रॅक्टर, जीप, जुन्या ट्रकची इंजिने त्या पद्धतीने आयुष्यभर उत्तम चालली आहेत, हे मी नाकारीत नाही. या इंजिनात मात्र नव्या स्थितीत पिस्टन ८०.९६५ आणि सिलिंडर ८१.०१ मिलिमीटर, म्हणजे दोहोंतली फट अवघी पंचेचाळीस मायक्रॉन. हाताच्या स्पर्शाला पस्तीस आणि पंचेचाळीस यांतला भेद कळणे अवघड, आणि टर्बो लागलेल्या इंजिनात त्या दहा मायक्रॉनांत आयुष्य आणि धरलेला पिस्टन यांतला फरक सामावलेला असतो.

या संदर्भात आपल्या हवामानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. मे महिन्यात येथे दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. बीड आणि पोलाद उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून पोलादी मापयंत्राने बिडाचा सिलिंडर दुपारी मोजला तरी, दोन्ही सारखे तापलेले असतील तर, फारसे बिघडत नाही. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचा; तो जवळपास दुपटीने फुगतो. ८१ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २० अंशांऐवजी ४० अंशांवर मोजला तर पोलादी मापाच्या तुलनेत सुमारे पंधरा मायक्रॉन मोठा भरतो, आणि पंचेचाळीसच्या फटीतले पंधरा म्हणजे तिसरा हिस्सा झाला. त्या दुपारच्या मापावर विसंबून सिलिंडर कापला तर फट ठरवल्याहून मोठी होते. उलट ब्लॉक उन्हातून आणला आणि पिस्टन वातानुकूलित खोलीतून, तर आणखी निराळाच घोळ होतो. स्टँडर्ड रूममध्ये आम्ही मोजायचा भाग आदल्या दिवशी आत आणून रात्रभर तेथेच निजवीत असू. हेच भान बाहेरच्या कारागिराला आहे की नाही, हे मला पाहावयाचे होते.

ज्यांच्याकडे काम दिले ते मिस्त्री चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या गाळ्यात काम करतात. एसटी महामंडळाची जी मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्यात आहे तेथे त्यांनी तरुणपणी उमेदवारी केली होती, आणि सरकारी खात्याची नोंदी ठेवण्याची सवय त्यांच्या अंगी त्या वयात जडली ती सुटली नाही. मी त्यांना त्यांच्या कामाची कीर्ती विचारली नाही. शेवटच्या दोन-तीन इंजिनांचे कागद दाखवा, एवढेच म्हणालो. त्यांनी कप्प्यातून एक जाड वही काढली. प्रत्येक इंजिनाला एक पान, त्यावर प्रत्येक सिलिंडरची वर, मध्ये आणि खाली, अशी तीन उंचींवर परस्परांशी काटकोनात घेतलेली सहा मापे, क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे माप, बेअरिंगची फट, बोल्ट किती आवळले याची नोंद, आणि कोपऱ्यात, ज्यामुळे माझे समाधान झाले, वेळ: सकाळी साडेसहा. का, म्हणून विचारले तर ते म्हणाले, “साहेब, दुपारचं माप खोटं बोलतं. ब्लॉक आणि पिस्टन रात्री एकाच बाकावर ठेवतो अन् पहाटे येऊन मोजतो.” सकाळीही येथे वीस अंश नसतात, परंतु किती आहेत हे त्यांना ठाऊक असते, कारण बाकाजवळ एक साधा थर्मामीटर टांगलेला होता आणि त्याचा आकडाही पानावर होता.

अंदाजपत्रक देण्यापूर्वी त्यांनी आमची कॉम्प्रेशनची मोजणी स्वतःच्या गेजने पुन्हा करून पाहिली. दुसऱ्याचे माप तसेच न स्वीकारण्याची ही वृत्ती मला इतकी आपली वाटली की निर्णय तेथेच झाला. मग रीतसर कागद झाला: कोणते काम, कोणते भाग नवे, कोणते मोजून नंतर ठरवायचे, ब्लॉकमध्ये तडा आढळल्यास काम थांबवून कळवायचे, मजुरी किती, मुदत किती, आणि हमी कशाची व कशाची नाही. भाच्याच्या दोनशे अश्वशक्तीचाही त्यांनी तेथेच निकाल लावला, आणि तो उडवून न लावता. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड हे त्याचे दुबळे अंग आहे; शक्ती तेवढी वाढवायची तर रॉड आत्ताच बदलले पाहिजेत, मग क्लच, मग ब्रेक, आणि फोर्ज्ड पिस्टन घेतले तर त्यांना अधिक फट ठेवावी लागते, त्यामुळे सकाळच्या थंड इंजिनात ते ठकठकतात आणि तेलही थोडे अधिक जाते. “तुम्हाला नागपूरला जायचं आहे का शर्यतीला, तेवढं सांगा,” असे त्यांनी विचारले. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “नागपूरला.” मूळ मापाचे काम करावयाचे ठरले.

इंजिन उतरले, उघडले, आणि तिसऱ्या सिलिंडरची झीज ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाली. बाकीचे तिघे अंडाकृती झाले होते पण थोडे. चारही सिलिंडर पहिल्या वाढीव मापाला, म्हणजे ८१.५१ मिलिमीटरला कापून ८१.४६५ चे पिस्टन घालावयाचे होते. येथे एक अडचण आली. हेड आवळले की त्याच्या बोल्टांच्या ताणाने बिडाचा ब्लॉकही काही मायक्रॉन वाकतो, आणि मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल होन केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून चांगल्या कामात होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट त्याच ताणाने आवळून घेतात. अशी प्लेट या इंजिनासाठी शहरात कोणाकडे नव्हती. मिस्त्रींनी गॅस्केटचा नमुना घेऊन शेजारच्या गल्लीतल्या एका टूल रूमवाल्याला गाठले, जो दिवसभर कारखान्यांसाठी फिक्श्चर बनवतो, आणि त्याने दोन दिवसांत जाड पोलादाची प्लेट कापून, भोके अचूक पाडून, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून दिली. कारखान्यांसाठी मायक्रॉनात काम करणारे हात आणि गॅरेजमध्ये इंजिन उघडणारे हात या शहरात एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकांना क्वचितच ओळखतात. त्या प्लेटच्या निमित्ताने ते एका बाकाशी आले, हे मला त्या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटले. ती प्लेट आज मिस्त्रींच्या भिंतीला टांगलेली आहे आणि इतर गाड्यांच्या कामीही आली आहे.

बाकीचा तपशील थोडक्यात सांगतो. क्रँकची जर्नले मूळ मापात निघाली, ग्राइंडिंग करावे लागले नाही, फक्त पॉलिश करून नवी बेअरिंगे बसवली. तेलाच्या वाहिन्यांची टोकांची बुचे काढून त्या आतून ब्रशने घासल्या, कारण केवळ केरोसीन मारून करपलेले तेल निघत नाही. हेडचे बोल्ट नवे घेतले. ते ताणूनच आवळायचे असतात आणि एकदा ताणले की त्यांची लवचिकता संपते, पण काटकसरीच्या नावाखाली जुनेच वापरण्याची चाल आपल्याकडे आहे. जाळी नवी, तेलपंप नवा, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवा, टर्बोचा दांडा तपासून त्याची तेलाची नळी नवी. मी त्या दिवसांत अनेकदा गाळ्यावर जाऊन बसत असे, काही सांगण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. आणि बेअरिंगची फट तपासताना त्यांनी प्लास्टिकची बारीक दोरी दाबून तिची रुंदी कागदी पट्टीवर मोजली, तीच फट मायक्रोमीटरने पडताळली, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत पुढचा बोल्ट आवळला नाही, हे मी समाधानाने पाहिले.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी प्लग काढून, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवले. चालू झाल्यावर ते उभे ठेवून गुरगुरत ठेवू नये, कारण नव्या रिंगा भिंतीवर नीट बसण्यासाठी त्यांच्यामागे दाब लागतो. म्हणून पाणी तापताच मिस्त्री स्वतः गाडी घेऊन बीड बायपासवर निघाले, मध्यम भार देत आणि सोडत. थोड्याच अंतरानंतर तेल काढले, फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहिली, त्यात होनिंगची बारीक चमक होती, बेअरिंगचा पत्रा नव्हता. रिंगा बसल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन मोजले: चारही सिलिंडर बाराच्या आसपास, आणि कमाल तफावत अर्ध्या बारची. ते पान वहीतून फोटोकॉपी करून भाच्याने गाडीच्या नोंदणीपुस्तकासोबत ठेवले आहे. त्यानंतर गाडीच्या तेलाचा खप इतका खाली आला की दोन तेलबदलांमध्ये वरून घालावे लागत नाही.

पुढे काही महिन्यांनी जालन्याहून एक गृहस्थ तशीच ऑक्टाव्हिया आरएस घेऊन मिस्त्रींकडे आले. धूर तसाच, तेलही तेवढेच जात होते, आणि त्यांनी पूर्ण इंजिनाचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मिस्त्रींनी मला बोलावले. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे निघाले, तेल घालून मोजल्यावरही फरक पडला नाही, झाकणातून हवा येत नव्हती. ब्रीदरची रबरी नळी मात्र आतून चिकटून बंद झाली होती आणि तिच्यातली झडप काळ्या गाळाने अडकली होती. मिस्त्रींनी नळी व झडप बदलली, चेंबर उतरवून जाळी साफ केली, तेल बदलले, तेवढ्याचेच पैसे घेतले, आणि हजार किलोमीटर झाल्यावर तेलाची दांडी पाहून फोन करा असे सांगून त्यांना जालन्याला परत पाठवले. फोन आला तेव्हा तेल पाव लिटरही कमी झालेले नव्हते, आणि तो आकडाही मिस्त्रींनी वहीत त्या गाडीच्या पानावर लिहून घेतला.